इराणी हॉटेलातली खुर्ची आणि वरवंडचा सुतार

सुतारकामात आपल्या कारागिरांचा हात कुणी धरू शकत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खोटेही नाही. सहारनपूरच्या शिसमवरील नक्षीकामापासून मुंबईच्या ओशिवऱ्यातील फर्निचर बाजारापर्यंत रंधा आणि पटाशी चालवणाऱ्यांत मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटातून माल उचलून पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांत दरवाजे, पलंग, कपाटे करून देणारेही आपल्यात आहेत. परंतु एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. इतकी वर्षे इतका माल केला, त्यातली कोणती वस्तू करणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते? गिऱ्हाईक "अमक्या मिस्त्रीची खुर्ची द्या" असे म्हणत दुकानाची पायरी चढते काय? ते फोटो घेऊन येते, भाव विचारते, शेजारच्या दुकानात शंभर रुपये कमी मिळाले की तिकडे जाते.

हा दोष हाताचा नाही, धंद्याच्या रीतीचा आहे. वरवंड, केडगाव, पाटस, यवत या पट्ट्यातील कारागीर बांधवांपुढे त्यासाठी दोन खुर्च्यांचा इतिहास मांडावासा वाटतो. दोन्ही लाकडाच्या, दोन्ही साध्या आणि दोन्ही आज जगभर नावाजलेल्या. एकीच्या करणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे. दुसरी ज्यांच्या हातून घडली त्यांची नावे कुठेही नाहीत.

वाकवलेल्या लाकडाची खुर्ची

पहिली खुर्ची आपण सर्वांनी पाहिली आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलाभोवती जी काळसर, गोल बैठकीची, कमानदार पाठीची हलकी खुर्ची असते, तीच ती. धोबी तलावजवळचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरचे गुडलक १९३५ साली हुसेन अली याक्षी यांनी सुरू केले. इराणहून आलेल्या पारशी आणि मुसलमान कुटुंबांनी चालवलेल्या या धंद्याला अशी खुर्ची हवी होती की जी दिवसाला शेकडो गिऱ्हाइके सोसेल, पोऱ्या एका हाताने उचलून झाडू मारील आणि किमतीने मालकाचे कंबरडे मोडणार नाही. अशी खुर्ची त्या काळी मध्य युरोपातून बोटीने येत असे. पुढे हॉटेले एकेक करून बंद पडली आणि यातल्या कित्येक खुर्च्या चोर बाजारात आल्या. तिथून त्या आज नव्या रेस्टॉरंटात आणि सजावटकारांच्या हाती जातात. शंभर वर्षे बसून झाल्यावरही ज्या मालाला गिऱ्हाईक मिळते, तो माल केला कुणी?

तो केला एका सुताराने. मिखाएल थोनेट हे त्याचे नाव. जन्म १७९६ चा, जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावी. बाप चामडे कमावणारा. घराण्यात ना सावकारी, ना जमीनजुमला. १८१९ साली या माणसाने गावात स्वतःचे सुतारकामाचे दुकान टाकले. १८३० नंतर त्याने एक खटपट सुरू केली. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळायच्या, साच्यात दाबून वाकवायच्या आणि त्यातून खुर्चीची पाठ आणि पाय करायचे. लाकूड कमी, वजन कमी, कोरीवकाम शून्य. या प्रयोगांपायी कर्ज झाले आणि बोपार्डचे दुकान सोडावे लागले. १८४१ साली कोब्लेंट्सच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे बडे मंत्री मेटर्निख यांनी त्याचे काम पाहिले आणि व्हिएन्नाला येण्यास सुचवले. दुसऱ्या वर्षी तो व्हिएन्नात पोहोचला. त्या वेळी तो ४६ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाचा मिस्त्री "आता काय नवे शिकणार?" म्हणून हात झटकतो.

पण सरसाने चिकटवलेल्या पट्ट्यांत एक खोट होती. दमट हवेत सरस सुटे, आणि समुद्रपारचा व्यापार म्हणजे दमट हवा आलीच. म्हणून थोनेटने अखंड लाकूड वाकवण्याचे मनावर घेतले. आपल्या सुतारांना यातली मेख चटकन कळेल. बैलगाडीच्या चाकाचा घेर आपण अखंड लाकूड वाकवून करत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे गोलाईत कापून एकमेकांस जोडतो आणि वरून तापलेली लोखंडी धाव चढवतो. कारण जाड लाकूड वाकवले की बाहेरच्या अंगाने ताणले जाते आणि तडकते. वाफवलेले लाकूड दाबाखाली पुष्कळ आकसते, मात्र ताण त्याला फारसा सोसत नाही. थोनेटने वाफवलेल्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळून बसवली. पट्टी ताणली जाईना, म्हणून लाकूडही ताणले जाईना. सगळा भार आतल्या अंगावर आला, ते आकसले आणि दांडा न तुटता वाकला. मग लोखंडी फर्म्यात अडकवून भट्टीत वाळवायचा, फर्मा काढायचा, घासून रंग द्यायचा. एवढी साधी युक्ती, पण ती साधायला उमेदीची वर्षे गेली. १८५६ साली सरकारकडून त्याला या पद्धतीचा १३ वर्षांचा हक्क मिळाला.

चौदा नंबर

१८५९ साली बाजारात आलेली खुर्ची 'चौदा नंबर' म्हणून प्रसिद्ध झाली. नुसता नंबर! पण या नंबरातच सारा धंदा आहे. नंबर म्हणजे ठरलेले माप, ठरलेले भाग, ठरलेली किंमत. गिऱ्हाइकाने बर्लिनहून मागवली काय आणि मुंबईहून मागवली काय, चौदा नंबर म्हणजे तीच खुर्ची.

या खुर्चीचे भाग फक्त ६. पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच वाकवलेला दांडा, पाठीतली आतली कमान, बैठकीचे कडे, पुढचे दोन पाय आणि पायांना आतून बांधणारे खालचे कडे. जोडायला १० स्क्रू आणि २ नट. बैठक वेताने विणलेली, म्हणजे बसायला गार आणि सांडलेला चहा खाली निघून जाणार. सुटे भाग भरले तर एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या बसत. आता हिशेब करून पाहा. साधारण ४५ सेंटीमीटर रुंद, ५० खोल आणि ९० उंच अशी आपली जोडलेली खुर्ची तेवढ्याच जागेत जेमतेम ५ बसते. म्हणजे एका भाड्यात सातपट माल. खुर्ची स्वस्त होण्याचे एक मोठे कारण हे होते. ती लाकडात स्वस्त होती तशीच वाहतुकीतही स्वस्त होती.

थोनेटने १८५३ साली धंदा पाच मुलांच्या नावे करून दिला होता. 'गेब्रुडर थोनेट', म्हणजे थोनेट बंधू, हे पेढीचे नाव. कारखाना त्यांनी व्हिएन्ना शहरातून हलवून मोराव्हियात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, बीचच्या जंगलाजवळ नेला. लाकूड तिथेच, मजूर तिथलाच. ही गोष्ट वरवंडसारख्या गावाने ध्यानात ठेवावी. जगात सर्वात जास्त खपलेल्या खुर्च्यांपैकी एक खुर्ची राजधानीत नव्हे, खेड्यापाड्यांच्या मुलखात तयार होत होती.

१८६९ साली तो सरकारी हक्क संपला. लगेच इतर कारखाने उभे राहिले आणि तसल्याच खुर्च्या करू लागले. इराणी हॉटेलातली प्रत्येक खुर्ची थोनेटचीच असेल असे नाही. पुष्कळशा पोलंडच्या आणि चेकोस्लोव्हाकियाच्या इतर कारखान्यांच्याही असत. मग थोनेट बुडाले काय? नाही. १९३० सालापर्यंत एकट्या चौदा नंबरच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या, असे सांगितले जाते. आज जर्मनीतील थोनेट कंपनी तीच खुर्ची २१४ या नंबराने विकते आणि चेक प्रजासत्ताकात थोनेटांनीच उभारलेल्या जुन्या कारखान्यात 'टोन' ही कंपनी ती अजून चौदा नंबरानेच काढते. नकलेने नाव पुसले जाते ते ज्याने आधी नाव लावलेच नाही त्याचे.

दुसरी खुर्ची, आपल्याच देशातली

१९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पियर जानरे या दोन वास्तुशिल्पींनी नव्या काळाचे घर कसे असावे याचा नमुना उभारला. त्यात त्यांनी महागडे कोरीव फर्निचर न ठेवता थोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ठेवल्या. गरजेपुरते लाकूड, उघडा दिसणारा सांधा आणि फालतू नक्षी नाही, हा नव्या फर्निचरचा मंत्र त्यांना या सुताराच्या खुर्चीत सापडला.

हेच दोघे भाऊ पुढे भारतात आले. फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ पासून चंदीगडचे काम सुरू झाले आणि पियर जानरे १९६५ पर्यंत तिथेच राहिले. शेकडो कचेऱ्या, महाविद्यालये, न्यायालये आणि सरकारी घरे यांना टेबलखुर्च्या लागणार होत्या. जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने काढले. या कामात उर्मिला युली चौधरी या भारतीय वास्तुशिल्पीचाही हात होता. सागवान आणि शिसम, बैठकीला व पाठीला वेत. बाजूने पाहिले तर पुढचा आणि मागचा पाय वर एकत्र येऊन खाली फाकलेले. ही खुर्ची कुठल्या मोठ्या कारखान्यात बनली नाही. नकाशा हातात घेऊन स्थानिक छोट्या कारखान्यांतील सुतारांनी ती हजारोंच्या संख्येने केली. रंधा त्यांचा, पटाशी त्यांची, वेत विणणारी बोटेही त्यांचीच.

पुढे काय झाले ते प्रत्येक कारागिराने ऐकावे. जुन्या झालेल्या खुर्च्या कचेऱ्यांच्या गच्चीवर आणि आवारात ढीग लावून पडल्या आणि भंगार म्हणून लिलावात कवडीमोलाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्याच खुर्च्या लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा फर्निचरची विक्री थांबवण्याचा आदेश काढला. तरी माल बाहेर जातच राहिला, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण मिळायला अशी वस्तू शंभर वर्षांची असावी लागते, आणि या खुर्च्या तेवढ्या जुन्या नाहीत.

लिलावाच्या पुस्तकात पियर जानरे यांचे नाव मोठ्या अक्षरात असते. ते असावेही, नमुना त्यांचा होता. खुर्चीवर कचेरीचा नंबर रंगवलेला असतो, त्यावरून माल अस्सल ठरतो. पण ज्या सुताराने तिचा सांधा असा बसवला की साठ-सत्तर वर्षांनी लिलावात उभी राहतानाही ती डगमगत नाही, त्याचे नाव त्या पुस्तकात नसते. त्याने खुर्चीच्या खाली कुठे आपली छाप मारली नाही. त्याला तसे कुणी सांगितले नाही आणि त्यालाही गरज वाटली नाही. ठेकेदाराने मजुरी दिली, संबंध संपला.

थोनेटही सुतार आणि चंदीगडचा तो कारागीरही सुतार. फरक कसबाचा नव्हता. एकाने माप, नमुना आणि छाप स्वतःपाशी ठेवली. दुसऱ्याने फक्त मजुरी घेतली. आज आपले बहुतेक कारागीर या दुसऱ्या सुताराच्या जागी उभे आहेत.

वरवंडला काय करता येईल

पूर्वी गावच्या सुताराला नाव लावायची गरज नव्हती. बलुत्याचे धान्य घरोघरी ठरलेले असे, नांगर कुणी केला हे सारे गाव जाणत असे. आता गिऱ्हाईक अनोळखी आहे. वरवंड हमरस्त्यावर आहे. दौंड जंक्शन, पाटसचा साखर कारखाना, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि केडगावची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहेत. पुणे एका बाजूला, सोलापूर दुसऱ्या बाजूला. ढाबे, मंगल कार्यालये, शाळा, नवे बंगले यांना बैठक लागतेच. ती आज प्लॅस्टिकच्या खुर्चीने भागते. ती खुर्ची मजबुतीत आपल्या लाकडाला हरवत नाही. ती एकात एक रचता येते, टेंपोत भरपूर मावते आणि शंभरावी खुर्ची पहिलीसारखीच निघते, म्हणून ती बाजी मारते. चौदा नंबरने बाजार जिंकला तो याच गुणांवर.

म्हणून आपल्या कारागिरांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, दर वेळी नवी वस्तू करू नका. एक खुर्ची, एक बाक किंवा एक स्टूल निवडा आणि वर्षभर तेच सुधारत राहा. फर्मे करून ठेवा. पाय कापायचा फर्मा, भोक पाडायचा फर्मा, पाठीच्या गोलाईचा फर्मा. फर्मा असला की शिकाऊ पोराच्या हातूनही पाय मापात निघतो आणि उस्तादाचा वेळ सांध्याला मिळतो.

दुसरी, ती वस्तू सुटी करता येईल अशी बांधा. खाच-कुसूचा सांधा चांगलाच आहे, त्याला कुणी नावे ठेवत नाही. पण दोन बाजू पक्क्या सांध्याने आणि त्यांना जोडणारे आडवे भाग बोल्टने, अशी योजना केली तर माल सपाट होऊन टेंपोत रचला जाईल. एक पाय मोडला तर गिऱ्हाईक तेवढा पाय मागवील आणि अख्खी खुर्ची अडगळीत टाकणार नाही.

तिसरी, वस्तूला नंबर द्या आणि खाली छाप मारा. दुकानाचे नाव, गाव, साल. लोखंडी ठसा तापवून मारायला किती वेळ लागतो? सोबत एक वही ठेवा. कोणता नंबर, कोणते लाकूड, कधी, कुणाला, कितीला. ही वही म्हणजे उद्या तुमच्या नावाचा पुरावा आहे.

चौथी, नमुना खरोखर नवा असेल तर त्याची नोंदणी करा. आपल्या देशात डिझाइन कायदा २००० सालचा आहे. वस्तूचा आकार किंवा घडण नवी असेल तर नोंदणीने १० वर्षांचा हक्क मिळतो आणि तो आणखी ५ वर्षे वाढवता येतो. कचेरी कोलकात्याला असली तरी मुंबईतूनही अर्ज करता येतो. मात्र एक पथ्य आहे. वस्तू बाजारात किंवा प्रदर्शनात आणण्याआधी अर्ज गेला पाहिजे. आधी विकली आणि मग नोंदणीला गेलात तर नवेपणा संपलेला असतो. आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या घडणीवर मात्र असा हक्क मागता येत नाही. तिथे आपल्या नावाची छापच कामाला येते.

काही शंका

कुणी म्हणेल, आमच्याकडे भांडवल कुठे आहे? खरे आहे. पण फर्मा प्लायवूडच्या तुकड्याचा होतो आणि वही दहा रुपयांची असते. वाफेची भट्टी लावून थोनेटची खुर्ची करा असे सुचवणे नाही. बीचचे लाकूड इथे होत नाही आणि सागवानाची घडण वेगळी आहे. उचलायची ती रीत, नक्कल नव्हे. मोठ्या यंत्राचे काम चार दुकानांनी मिळून भागवावे. एकाने कापावे, एकाने कातावे, एकाने जोडावे, एकाने पॉलिश करावे. २०२३ साली १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत प्रमाणपत्र, प्रशिक्षण आणि औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद ठेवली आहे. कर्ज घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण नोंदणीचा कागद हाती असलेला बरा.

कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाला फोटोतलेच हवे असते. ज्याला हवे त्याला ते करून द्यावे, चूल त्यावरच पेटते. परंतु आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या नमुन्याला द्यावा. थोनेटनेही बोपार्डमध्ये गिऱ्हाइकांची कामे करत करतच प्रयोग केले.

आणखी एक शंका सर्वात वजनदार आहे. थोनेटच्या कारखान्यात शेवटी हजारो मजूर झाले. एकजण दिवसभर फक्त दांडे वाकवी, दुसरा फक्त घाशी, आसपासच्या बाया बैठका विणत. पूर्ण खुर्ची करणारा उस्ताद तिथे उरला नाही. म्हणजे एक सुतार मोठा झाला आणि बाकीचे पुन्हा बिननावाचे राहिले. हा धोका खरा आहे. म्हणून चार दुकाने एकत्र आली तर छाप एकाच शेटची असू नये. नमुना कुणाचा, हिस्सा किती, नफ्याची वाटणी कशी, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून सह्या कराव्यात. तोंडी व्यवहारात नाती तुटतात आणि धंदाही बसतो. शिकाऊ पोराने केलेल्या बाकावर दुकानाच्या छापेशेजारी त्याचेही अक्षर असावे. त्यात उस्तादाचे काही कमी होत नाही आणि पोराला काम चोख करण्याची ओढ लागते.

आपली मुले आज सुतारकामाकडे पाठ फिरवत आहेत. दिवसभर राबून दुसऱ्याच्या फोटोतली वस्तू करायची आणि संध्याकाळी मजुरीसाठी ठेकेदाराच्या दारात उभे राहायचे, यात त्यांना भविष्य दिसत नाही, आणि त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. बापाच्या नावाची छाप असलेली, नंबर असलेली, पुण्या-सोलापुरातून मागणी येणारी एक जरी वस्तू दुकानात असेल, तर तोच मुलगा रंधा हाती घेण्याचा विचार करील. वरवंडच्या दोन-चार दुकानदारांनी एका दुपारी एकत्र बसावे, आपल्यातली सर्वात चांगली बैठक कोणती ते ठरवावे आणि तिचा फर्मा कापायला घ्यावा.